डिझेल हे माणसाचं नाव आहे, आणि गार इंजिन हे त्याचं दुखणं

पेट्रोल पंपावर दोन नोझल शेजारी शेजारी लटकलेली असतात. एक पेट्रोलचं, आणि दुसऱ्यावर चक्क एका माणसाचं आडनाव लिहिलेलं असतं. रुडॉल्फ डिझेल. जन्म १८५८, मृत्यू १९१३. ट्रकच्या टाकीवर, शेतातल्या पंपसेटवर, जनरेटरशेजारच्या कॅनवर त्याचं नाव आहे, पण तो कोण होता असं विचारलं तर बहुतेक जण गप्प.

त्याच्याबद्दल आज लिहायचं कारण मात्र वेगळंच आहे. थंडी पडली की मला हमखास कुणीतरी विचारतं: सकाळी गाडी स्टार्ट केल्यावर थोडा वेळ तशीच चालू ठेवायची की लगेच निघायचं? आणि लगेच निघून, हायवेला लागून जोरात पळवली तर खरंच काही बिघडतं का, की हे सगळं जुन्या ड्रायव्हर लोकांचं पुराण? उत्तर दोन-चार ओळींचं आहे आणि ते पुढे येईलच. पण इंजिन तापायच्या आत त्याच्यावर लोड टाकला की काय होतं, हे डिझेलइतकं कुणी भोगलं नसेल. वर्कशॉपमध्येही आणि बाजारातही. म्हणून आधी त्याची गोष्ट.

बर्फाच्या धंद्यातला इंजिनिअर

रुडॉल्फ जन्मला पॅरिसमध्ये, १८ मार्च १८५८ ला. आईवडील मूळचे जर्मनीकडचे, बव्हेरियातले. वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे, पैसा बेताचाच. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि पॅरिसमधल्या जर्मन लोकांवर शहर सोडायची वेळ आली. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. तिथून बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्याला जर्मनीत, आउग्सबुर्गला नात्यातल्या बार्निकेल दांपत्याकडे शिकायला पाठवलं. घरातले क्रिस्टोफ बार्निकेल गणित शिकवायचे. मुलाला तिथे अभ्यासाची अशी गोडी लागली, की चौदाव्या वर्षी त्याने घरी पत्र लिहून कळवून टाकलं, आपण इंजिनिअर होणार.

पुढे स्कॉलरशिप मिळवून तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला. तिथे त्याला शिकवायला होते कार्ल फॉन लिंड. आपल्या घरातला फ्रिज ज्या तत्त्वावर चालतो, ते कारखान्यांत आणून त्यावर मोठा धंदा उभा करणारे हे गृहस्थ. लिंडच्या वर्गात एक आकडा रुडॉल्फच्या कानावर पडला: वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्क्यांच्या आत कामाला लावतं. म्हणजे शंभर रुपयांचा कोळसा जाळला तर नव्वद रुपये धुराड्यातून आकाशात. वर्गातल्या बाकीच्यांनी आकडा वहीत उतरवला असेल आणि परीक्षेनंतर विसरूनही गेले असतील. याच्या डोक्यातून तो निघालाच नाही.

शेवटच्या परीक्षेच्या वेळी त्याला टायफॉइड झाला. परीक्षा हुकली, तेवढा काळ तो स्वित्झर्लंडमध्ये सुल्झर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काम करत राहिला आणि जानेवारी १८८० मध्ये परीक्षा देऊन तोवरच्या सगळ्यांत जास्त मार्कांनी पास झाला. लगेच लिंडने त्याला आपल्या धंद्यात घेतलं, पॅरिसला. काम काय? बर्फ. बर्फाचे प्लांट उभारायचे, चालवायचे, विकायचे. त्याचं पहिलं पेटंटही बर्फाचंच होतं. १८८३ मध्ये मार्था फ्लाशेशी लग्न झालं, तीन मुलं झाली. जवळपास दहा वर्षं हा माणूस दिवसा गारवा विकायचा आणि उरलेल्या वेळात उष्णतेचा विचार करायचा. मला ही गंमत फार आवडते. गार आणि गरम यांचा हिशेब त्याच्या इतका जवळून पाहिलेला दुसरा इंजिन बनवणारा शोधून सापडायचा नाही.

सायकलचा पंप आणि स्पार्क प्लग नसलेलं इंजिन

सायकलच्या ट्यूबमध्ये जोरजोरात हवा भरा आणि पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून बघा. गरम लागतं. हवा दाबली की तापते. डिझेलची कल्पना एवढीच होती, फक्त तिला त्याने टोकाला नेलं. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची, की ती स्वतःच काही शे अंश तापेल. मग त्यात इंधन सोडायचं. ठिणगी नको, काडी नको, इंधन आपोआप पेटेल. जितका दाब जास्त, तितकी उष्णता कमी वाया जाईल.

१८९२ मध्ये त्याने बर्लिनमध्ये पेटंटचा अर्ज केला, १८९३ च्या सुरुवातीला एक पुस्तक छापलं आणि आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याला गळ घातली. आजची एमएएन कंपनी याच कारखान्याची वारसदार. कारखान्याचे प्रमुख हाइनरिश फॉन बुझ आधी तयार नव्हते, नंतर झाले. क्रुप ही पोलादवाली बडी कंपनीही पैसे घालायला आली.

पहिलं इंजिन उभं राहिलं आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या: त्याला पाण्याचं कूलिंगच नव्हतं. डिझेलचं गणित सांगत होतं की इंजिन फार तापणारच नाही. कागदावर सगळं बरोबर होतं. १० ऑगस्ट १८९३ ला चाचणी झाली. इंजिन स्वतःच्या जोरावर फिरत नव्हतं, कारखान्याच्या शाफ्टवरून पट्टा लावून ते फिरवलं जात होतं. आत पेट्रोल सोडलं. पहिल्याच धडाक्यात वर बसवलेलं प्रेशर मोजायचं उपकरण फुटून उडालं. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. इंजिन चाललं नाही, पण हवा दाबून इंधन पेटतं एवढं मात्र सिद्ध झालं.

मग महिनोन्‌महिने दुरुस्त्या. १७ फेब्रुवारी १८९४ ला पुन्हा पट्ट्यावर इंजिन फिरत होतं आणि मध्येच पट्टा उलटा ओढ घेऊ लागला. शाफ्ट इंजिनाला फिरवायच्या ऐवजी इंजिन शाफ्टला ढकलत होतं. हे पहिल्यांदा कळलं ते डिझेलला नाही, पट्ट्याजवळ उभ्या असलेल्या मेकॅनिकला. त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली. इंजिन जेमतेम एक मिनिट स्वतःहून चाललं, मिनिटाला ८८ फेरे.

आता आपल्या विषयाचा मुद्दा. या इंजिनात पेटवायचं काम उष्णता करते, म्हणून गारठा हा त्याचा थेट शत्रू. सिलिंडरच्या भिंती थंड असल्या की दाबलेल्या हवेची उष्णता त्या गिळून टाकतात. स्टार्टर हळू फिरत असेल तर रिंगांच्या फटीतून थोडी हवाही निसटते, दाब कमी पडतो. मग इंधन फवारलं तरी ते लगेच पेटत नाही. क्षणाच्या एका तुकड्यापुरतं थांबतं, साठतं, आणि मग साठलेलं सगळं एकदम भडकतं. थंडीत सकाळी डिझेल गाडीची जी खडखड ऐकू येते ना, ती हीच. जे इंधन पेटतच नाही ते पांढऱ्या धुराच्या रूपाने सायलेन्सरमधून बाहेर येतं. इंजिन तापलं की खडखड कमी होते, धूर थांबतो. गाडी ‘सेट झाली’ असं आपण म्हणतो. झालेलं एवढंच असतं की भिंती तापल्या.

म्हणून डिझेल कारमध्ये चावी फिरवल्यावर कॉइलसारखा पिवळा दिवा लागतो. ती ग्लो प्लगची खूण. सिलिंडरमध्ये एक छोटी कांडी लाल होऊन आतली जागा आधी गरम करते. दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग स्टार्टर मारायचा.

आपल्याकडच्या जुन्या विहिरीवरच्या इंजिनांना असलं काही नव्हतं. पुण्यात खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि महाराष्ट्रातल्या शेताशेतांत ‘ढग ढग’ घुमायला लागलं. ते इंजिन सुरू करायची पद्धत ज्यांनी पाहिली असेल त्यांना डिझेलचं अख्खं तत्त्व न शिकता कळलेलं असतं. वरचा लिव्हर उचलून व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, म्हणजे दाब बसत नाही. हँडल मारून जड फ्लायव्हीलला वेग द्यायचा. वेग आला की लिव्हर सोडायचा. हवा दाबली जाते, तापते, आणि इंजिन पकडतं. पिठाच्या गिरणीवालाही आधी इंजिन नुसतं फिरू द्यायचा, मग पट्टा चढवायचा. त्याला व्हिस्कॉसिटी वगैरे शब्द ठाऊक नसतील, पण काम तो बरोबर करायचा.

बाजारात घाई

१७ फेब्रुवारी १८९७. बरोबर तीन वर्षांनी, तीच तारीख. म्युनिकचे प्राध्यापक मोरित्स श्र्योटर यांनी डिझेलच्या नव्या इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. तीन मीटरच्या आसपास उंच, एकाच सिलिंडरचं, सुमारे २० हॉर्सपॉवरचं धूड. सिलिंडरचा व्यास २५० मिलिमीटर, पिस्टनचा प्रवास ४०० मिलिमीटर. सव्वाशे सीसीच्या बाइकवाल्यांनो, हिशेब करा: हे एक सिलिंडर १९ हजार सीसीच्या पुढे जातं. आता त्याला पाण्याचं कूलिंगही होतं. इंधन होतं रॉकेल. निकाल आला २६.२ टक्के. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त. वर्गात ऐकलेल्या त्या आकड्याचा सूड त्याने उगवला होता.

इथून पुढे गडबड झाली.

एक इंजिन, निवडक मेकॅनिकांच्या हाताखाली, आउग्सबुर्गच्या शेडमध्ये चाललं होतं. डिझेलने जाहीर करून टाकलं की ते बाजारासाठी तयार आहे. जून १८९७ मध्ये कासेल शहरात इंजिनिअरांच्या सभेत भाषण झालं आणि लायसन्ससाठी रांग लागली. अमेरिकेसाठी बिअरवाले अ‍ॅडॉल्फस बुश यांनी दहा लाख मार्क मोजले. रशियासाठी इमॅन्युएल नोबेल आले, नोबेल पारितोषिकवाल्या आल्फ्रेडचे पुतणे. १८९८ मध्ये एक स्वतंत्र कंपनी काढून डिझेलने आपले हक्क पस्तीस लाख मार्कांना तिच्या नावे केले. चाळिशीत तो कोट्यधीश झाला.

आणि इंजिनं? ती विकली गेली, पोचली, आणि बंद पडायला लागली. केम्प्टेनच्या काडेपेटीच्या कारखान्यात पहिल्यापैकी एक इंजिन बसवलं, तर तिथे आउग्सबुर्गच्या माणसांना सारखं दुरुस्तीला पळावं लागलं. कधी इंधन फवारायचा कॉम्प्रेसर, कधी व्हॉल्व्ह, कधी गळती. लायसन्स घेतलेल्या कंपन्यांना कळेना की आपण घेतलं ते इंजिन आहे की इंजिनाचं स्वप्न. आउग्सबुर्गला डिझेलच्या नावाचा खास कारखाना काढला होता, तो लवकरच बसला. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. शोध याचा नाहीच, आधीच कुणीतरी लावला होता, असले दावे कोर्टात गेले. १८९८ च्या शरद ऋतूत डिझेल म्युनिकच्या सॅनेटोरियममध्ये दाखल झाला. कामाचा ताण, डोकेदुखी, झोप नाही. आज आपण त्याला बर्नआउट म्हणू.

माझं मत विचाराल तर दोष इंजिनाचा नव्हता. ते उत्तमच होतं, फक्त अजून गार होतं. आउग्सबुर्गच्या लोकांना आणखी काही वर्षं शांतपणे एकेक भाग सुधारायला मिळाली असती, तर हा तमाशा टळला असता. पुढे झालं तेच. बुझ यांनी चिकाटी सोडली नाही, इमानुएल लाउस्टर या इंजिनिअरने डिझाइन सुधारत नेलं आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेच इंजिन भरवशाचं म्हणून विकलं जाऊ लागलं. फक्त तोवर त्याच्या बापाची तब्येत आणि बाजारातली पत दोन्ही खचली होती.

तुमच्या गाडीत नेमकं काय होतं

आता तुमची गाडी. पेट्रोल असो, डिझेल असो, स्कूटर असो.

पहिला आक्षेप नेहमी हाच: आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? नाही पडत. पण इंजिनाच्या दृष्टीने गार म्हणजे ९० अंशांच्या खाली. निफाडचे पाच अंश असोत की ठाण्याचे पंचवीस, रात्रभर उभी राहिलेली गाडी गारच. साधं इंजिन ऑइल २० अंशांना जितकं घट्ट असतं ते १०० अंशांच्या मानाने दहा पटींहून जास्त. डब्यावर ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. गारठ्यात ते किती सहज वाहतं ते पहिला आकडा सांगतो, तापल्यावर किती घट्ट राहतं ते दुसरा. पण ‘सहज वाहतं’ म्हणजे गार असताना तापलेल्यासारखं वाहतं असं नाही. शिवाय तेलात झीज रोखणारी रसायनं घातलेली असतात, तीसुद्धा उष्णता मिळाल्यावरच नीट कामाला लागतात.

दुसरी गोष्ट मापांची. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. म्हणून गार असताना पिस्टन मुद्दाम थोडा लहान आणि किंचित लंबगोल ठेवलेला असतो, तापला की तो आपल्या मापात येतो. तुम्ही पहिल्याच मिनिटाला ॲक्सिलरेटर दाबला, तर अजून मापात न आलेला पिस्टन सिलिंडरच्या भिंतींवर आपटत पूर्ण लोड ओढतो. टर्बो असेल तर त्याची दांडी मिनिटाला लाखभर फेऱ्यांपर्यंत जाते, आणि ती तरंगते तेलाच्या पातळ थरावर. ते तेल अजून मधासारखं.

तिसरी गोष्ट इंधनाची. गार भिंतीवर इंधन पूर्ण वाफ होत नाही. पेट्रोल गाडीचा कंप्युटर म्हणून सुरुवातीला जास्त इंधन सोडतो. त्यातलं काही भिंतीवरचं तेल धुऊन खाली तेलाच्या टाकीत उतरतं. जळण्यातून तयार झालेलं पाणीही गार भागांवर दवासारखं धरतं आणि गंजाला आमंत्रण देतं. इंजिन नीट तापलं तर ते पाणी उडून जातं. रोज दोन किलोमीटर क्लासला आणि परत, एवढाच प्रवास असेल तर ते उडायला वेळच मिळत नाही. बीएस-६ डिझेल गाड्यांची तर आणखी एक तक्रार असते. त्यांच्या सायलेन्सरमधला काजळी धरणारा फिल्टर स्वतःला साफ करतो तो तापल्यावर, लांबच्या प्रवासात. छोट्या छोट्या फेऱ्यांत तो तुंबतो.

मग करायचं काय? स्टार्ट करा, वीस-तीस सेकंद थांबा, निघा. पहिले चार-पाच किलोमीटर निवांत. पेट्रोल असेल तर तीन हजार आरपीएमच्या आत, डिझेल असेल तर दोन-अडीच हजारांच्या. उभं राहून दहा मिनिटं आयडल करण्यात काही अर्थ नाही. लोड नसताना इंजिन, विशेषतः डिझेल, फार हळू तापतं, म्हणजे गार अवस्थाच लांबते. आणि उभ्या उभ्या रेस करणं तर सगळ्यात वाईट. एसटी डेपोत पहाटे बस चालू ठेवून उभ्या असतात त्याला एक वेगळंही कारण आहे: एअर ब्रेकसाठी टाकीत हवेचा दाब बसल्याशिवाय बस हलवता येत नाही. तो नियम तुमच्या कारला लागू नाही.

तुमच्या हातात फोन आहे, त्याचा उपयोग करा. कारच्या डॅशबोर्डखाली ओबीडी पोर्ट असतो. त्यात छोटा ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर लावला की अ‍ॅपमध्ये कूलंटचं तापमान अंशांत दिसतं. मी स्वतः हे लावून बघत असतो, आणि हिवाळ्यात सकाळी काटा किती आळशीपणे चढतो ते पाहणं हा माझा छंदच झालाय. पण एक लक्षात ठेवा, कूलंट आधी तापतं, तेल त्याच्या मागून येतं. कूलंट ९० ला पोचलं म्हणजे लगेच मैदान मोकळं असं नाही, आणखी पाच-सात मिनिटं द्या. अ‍ॅडॉप्टर नसेल तरी बऱ्याच गाड्यांत इंजिन गार असताना निळा थर्मामीटरचा दिवा लागतो. तो विझेपर्यंत पाय हलका.

तसं पाहिलं तर फोनलाही हे लागू आहे. लिथियम बॅटरी फार गार असताना जोरात चार्ज केली तर लिथियम आत नीट शिरत नाही, पृष्ठभागावर साचतं आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. म्हणून मनालीला बर्फात फोनचं फास्ट चार्जिंग मुद्दाम मंदावतं. फोन आपली काळजी स्वतः घेतो. गाडीत ते काम अजून तुमच्या उजव्या पायाकडे आहे.

लडाखला जाणाऱ्यांसाठी एक जादा सूचना. कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टर बंद होतो. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथल्यासाठी खास विंटर डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं. कॅनडात आणि नॉर्वेत तर रात्री गाडीचं इंजिन गरम ठेवायला घराच्या प्लगला वायर लावून ठेवतात. आणि फॉर्म्युला वन? तिथल्या इंजिनांची मापं इतकी घट्ट, की स्टार्ट करण्याआधीच बाहेरून गरम कूलंट आणि तेल फिरवून ती तापवावी लागतात.

शेंगदाणा तेल, मोठा बंगला आणि रिकामी खाती

डिझेलकडे परत येऊ. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या इंजिनाला सर्वोच्च बक्षीस मिळालं. त्याच प्रदर्शनात ओटो कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन चक्क शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं. बघणाऱ्यांच्या लक्षातही आलं नाही, इतकं ते गुपचूप चाललं. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग मुबलक, म्हणून फ्रेंच सरकारला त्यात रस होता. बायोडिझेलवर आज ज्या चर्चा होतात त्यांची सुरुवात इथे आहे, आणि डिझेल स्वतः पुढे वनस्पती तेलांचा विषय आवडीने मांडत राहिला.

त्याच सुमारास त्याने म्युनिकमध्ये राजवाड्यासारखा बंगला बांधला. १९०३ मध्ये कामगारांनी एकत्र येऊन स्वतःचे कारखाने कसे चालवावेत यावर ‘सॉलिडारिस्मुस’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्याला स्वतःला हे काम इंजिनापेक्षा मोठं वाटायचं. पुस्तक फारसं कुणी विकत घेतलं नाही.

त्याची इंजिनं मात्र आता जोरात होती. १९०३ मध्ये नोबेलच्या कंपनीने व्होल्गा नदीवर डिझेलचं जहाज सोडलं. १९१२ मध्ये कोपनहेगनहून ‘सेलांडिया’ निघालं, भर समुद्रात डिझेलवर चालणारं मोठं मालवाहू जहाज. त्याच वर्षी डिझेल अमेरिकेला गेला, भाषणं दिली, सत्कार झाले. बाहेरून सगळं झकास. आतून खिसा फाटला होता. जमिनीच्या व्यवहारांत आणि शेअरमध्ये पैसा बुडाला, कोर्टकचेऱ्यांनी उरलासुरला खाल्ला, मूळ पेटंटची मुदतही संपली होती. छोटं, वेगाने फिरणारं, गाडीत बसेल असं डिझेल इंजिन बनवायचे त्याचे प्रयत्न फसले. लहान सिलिंडर म्हणजे आतल्या हवेच्या मानाने भिंती जास्त, आणि भिंती जास्त म्हणजे उष्णतेची चोरी जास्त. पुन्हा तोच शत्रू. शिवाय इंधन फवारायला हवेचा भलामोठा कॉम्प्रेसर लागायचा, तो गाडीत मावणार कुठे?

२९ सप्टेंबर १९१३ ला संध्याकाळी तो अँटवर्पला ‘ड्रेस्डेन’ नावाच्या बोटीत चढला. इंग्लंडला निघाला होता, इप्सविचला डिझेल इंजिनांचा नवा कारखाना व्हायचा होता त्यासाठी. सोबत दोन ओळखीचे होते, बेल्जियन कारखानदार जॉर्ज कारेल्स आणि इंजिनिअर लुकमन. तिघांनी एकत्र जेवण केलं, डेकवर फेऱ्या मारल्या. दहाच्या सुमारास डिझेल केबिनकडे गेला. सकाळी सव्वासहाला उठवा, असं त्याने सांगून ठेवलं होतं.

सकाळी केबिन रिकामी होती. अंथरुणावर कुणी झोपलेलं नव्हतं. त्याचा कोट आणि हॅट डेकवर सापडली. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. समुद्र खवळलेला होता, म्हणून खलाशांनी खिशातल्या वस्तू तेवढ्या काढून घेतल्या. त्या वस्तू वडिलांच्याच असल्याचं धाकट्या मुलाने, ऑयगेनने, ओळखलं.

निघण्याआधी डिझेलने मार्थाकडे एक बॅग दिली होती आणि आठवडाभर ती उघडू नकोस असं बजावलं होतं. तिने उघडली तेव्हा आत वीस हजार मार्क रोख होते आणि बँकेचे कागद होते. खाती जवळपास रिकामी. तरीही वर्तमानपत्रांना साधं उत्तर पटेना. कोळसावाल्यांनी मारलं, तेलवाल्यांनी मारलं, पाणबुड्यांचं गुपित इंग्रजांना विकू नये म्हणून जर्मन सरकारने मारलं, असल्या कहाण्या आजही यूट्यूबवर लाखो व्ह्यूज घेतात. मला त्या कागदांच्या पुढे जायची गरज वाटत नाही.

गाडीत बसेल असं डिझेल इंजिन त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी ट्रकमध्ये आलं. कॉम्प्रेसर गेला, त्या जागी पंपाने थेट इंधन फवारायची पद्धत आली. बॉशने १९२७ मध्ये हे पंप कारखान्यात मोठ्या संख्येने बनवायला घेतले. १९३६ मध्ये मर्सिडीजने २६० डी ही डिझेल कार बाजारात आणली. तिच्यात ग्लो प्लग होते, आणि ड्रायव्हरने स्टार्टर मारण्याआधी ते तापेपर्यंत थांबायचं होतं.